चार वेळा फॉरमॅट मारलं तरी कॉम्प्युटर हँग होतेच, काऊन?

झेरॉक्स_फाटा, घाटंजी तालुका
नमस्कार मंडळी. पहिलाच धागा काढून राह्यली, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या फाट्यावर माझं लहानसं दुकान हाय. झेरॉक्स, सातबारा, पीक विमा, पोरायचे स्कॉलरशिपचे फॉर्म. सारा धंदा एका कॉम्प्युटरवर. भावानं २०१० साली नागपूरले बर्डीतून असेंबल करून आणलेला, त्याचं वापरून झाल्यावर मले दिला. पेंटियम ड्युअल कोर ई५४००, जी४१ चा बोर्ड, दोन-दोन जीबीच्या दोन रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क. आधी विंडोज ७ होतं, आता १० हाय.

दसऱ्यापासून हँग होऊन राह्यला. स्क्रीन जशीच्या तशी, माउस हालत नाई, कोपऱ्यातलं घड्याळ त्याच मिनिटावर. बटण दाबून धरलं की बंद. परवा एका आजोबायचा अर्ज पार शेवटच्या पानावर आणला, ओटीपी टाकला, अन् तिथंच बसला मुडदा. आजोबा म्हणे, "राहू दे माय, मी उद्या येतो, तवरीक उठंन थो."

तालुक्याच्या पोराले दाखवलं. त्यानं चार वेळा फॉरमॅट मारलं, दर वेळचे ४००. रॅम काढून खोडरबरनं घासून देल्या. गंमत अशी की त्याच्याकडं ठेवला तवा एकदाही हँग झाला नाई. घरी आणला की दोन-तीन दिवस चांगला चालते, मंग पुन्हा तेच. आता थो म्हणते मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या. आमचा कापूस अजून झाडावर हाय, सीतादही, वेचणीच्या आधीची पूजा, कालच झाली. नवीन कुठून घेऊ?

मुक्काम_हिंजवडी
मी मूळचा दारव्ह्याचा, सध्या पुण्यात. भाऊ, स्पष्ट सांगतो, पंधरा वर्षांच्या मशीनवर पैसे घालू नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तुमच्यात दोन्ही नाही. कंपन्यांनी वापरून काढलेले रिफर्बिश्ड डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, ते बघा.

झेरॉक्स_फाटा
भाऊ नाई, ताई. अन् स्वस्तात म्हणजे किती थे हिंजवडीत अन् फाट्यावर सारखं नसते दादा. घ्यायचा हायच कधी ना कधी. पण आज झालं काय हे त कळू द्या.

पेंग्विनप्रेमी
लिनक्स मिंट टाका. चार जीबीत मस्त पळतं. प्रश्न मिटला.

झेरॉक्स_फाटा
माझ्या अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर विंडोजचंच हाय. थे चालंन का?

पेंग्विनप्रेमी
...बघून सांगतो.

तांब्याची_तार, अकोट
रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत चाळीस वर्षं गेली, कॉम्प्युटर त्या मानाने नवा विषय. पण रोगी तोच, कपडे वेगळे.

ताई, फॉरमॅटने बरा होणारा आजार असता तर पहिल्याच वेळी झाला असता. चौथ्यांदा मारणारा माणूस आजार शोधत नाही, गिऱ्हाईक वाटेला लावतो. आणि तू 'हँग' म्हणतेस ते नेमकं काय आहे ते आधी पाहू. पुढच्या वेळी अडकला की बटण दाबू नकोस. कीबोर्डवर नम लॉक दाब. त्याचा दिवा लागला-विझला तर आतलं यंत्र जिवंत आहे, फक्त कशाची तरी वाट पाहत बसलंय. दिवा ढिम्म हलला नाही तर प्रोसेसरच जागच्या जागी थिजला. तेव्हाच कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल लाइटही पाहा, एकसारखा पेटलेला आहे की विझलेला. एक शंभर पानी वही घे. वार, वेळ, नम लॉक, लाल लाइट. आठ दिवस काही दुरुस्त करू नकोस, फक्त लिही.

संत्रानगरी, नागपूर
काकांचं बरोबर आहे, पण आठ दिवस थांबण्याआधी डेटा दुसरीकडे घ्या ताई. पेनड्राइव्हवर, कशावरही. हे आजच. आणि कॅबिनेट उघडून पंखा बघा. कापसाच्या दिवसात गावाकडची जेवढी मशीन माझ्याकडे येऊन राहिली आहेत ना, सगळ्यांच्या पोटात सरकी सोडून सगळं निघतं.

झेरॉक्स_फाटा
उघडलं. बाप्पा! प्रोसेसरवरचा पंखा काढला त त्याच्याखाली गादी. खरंच गादी, बोटानं उचलली त पापडासारखी अख्खी आली. बाजूच्या खोलीत दर साली कापूस राह्यते, त्याचे तंतू कुठं कुठं जातात काय सांगा. अन् हीटसिंकचे चार काळे खुंटे असतात, त्यातला एक वर आलेला, म्हणजे ते एका बाजूनं उचललेलं होतं.

ब्रशनं साफ केलं. संत्रानगरी दादानं मेसेजात सांगितलं तसं पंख्याले बोट लावून धरलं, फिरू नाई देला. जुनी पेस्ट वाळून खडू झाल्ती, ती पुसून नवी लावली, खुंटा दाबून बसवला. आधी नुसत्या डेस्कटॉपवर ६८ डिग्री दाखवे, आता ४४. मले वाटलं झालं काम.

दुसऱ्या दिवशी साडेअकराले पुन्हा बसला.

संत्रानगरी
अरे यार. माझा तर पक्का अंदाज होता.

तांब्याची_तार
साफ केलंस ते उत्तमच. पण गरमीचा रोगी असा वागत नाही. इंटेलचा प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, मशीन रखडत चालतं. त्याहून तापला तर जीव वाचवायला धाडकन बंद पडतो. चित्र पडद्यावर ठेवून थिजणं हे बहुतेक दुसऱ्याचं काम. वही कुठे आहे?

ब्रह्मपुरीकर
मध्येच घुसतो, माफ करा. आमच्या शाळेच्या लॅबमधला एक असाच जुना आहे. हँग नाही होत, पण सकाळी कोणतीच वेबसाइट उघडत नाही, 'कनेक्शन सुरक्षित नाही' असं येतं. मुलं म्हणतात व्हायरस. दुपारपर्यंत कोणीतरी काहीतरी करतं आणि चालू होतं.

संत्रानगरी
गुरुजी, कोपऱ्यातली तारीख बघा. २००९ वगैरे दाखवत असेल. बोर्डावरचा सीआर२०३२ हा रुपयाएवढा सेल संपला. रात्री मेन स्विच बंद केला की घड्याळ विसरतं, आणि तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला खोटं वाटतं. दुपारी तारीख बरोबर करणारा जो कोणी आहे, त्याला शिपाईगिरीतून बढती द्या.

ब्रह्मपुरीकर
१ जानेवारी २००९. आणि बरोबर करणारी सातवीतली मुलगी निघाली. धन्यवाद, मी बाजूला होतो.

झेरॉक्स_फाटा
ही घ्या वही. हँगचे दोन प्रकार निघाले काका, मले आधी एकच वाटे. ज्यात नम लॉक मरते त्याले मी 'गच्च' लिहिलं. ज्यात नम लॉक चालू पण लाल लाइट एकसारखा पेटून राह्यते अन् मिनिट-दीड मिनिटानं आपोआप येते, त्याले 'दम'.

सोमवार ११.२० गच्च. ३.०५ गच्च.
मंगळवार १०.४० गच्च. १२.१५ दम. ४.५० गच्च.
बुधवार ११.३५ गच्च. २.१० गच्च. ५.३० दम.
गुरुवार १०.५० गच्च, गिऱ्हाईक गेलं. १.४० गच्च. मी दुकान बंद केलं.
शुक्रवार दम दोनदा. गच्च नाई.
शनिवार दम एकदा. गच्च नाई.
रविवार अर्धा दिवस दुकान. दम एकदा. गच्च नाई.
सोमवार ११.०५ गच्च.

मुक्काम_हिंजवडी
ही वही बघून मला माझ्या टीमची लाज वाटली. एवढी नीट नोंद आमच्याकडे पगार घेऊन कोणी ठेवत नाही.

'दम'बद्दल मी सांगू शकतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाका, त्यात सी५ आणि सी७ या दोन ओळी बघा. सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेले, 'नंतर बघू' म्हणून ठेवलेले सेक्टर. सी७ म्हणजे डेटा वायरीतून जाताना झालेल्या चुका. सी७ वाढत असेल तर दीडशे रुपयांची साटा केबल बदलून काम होतं. सी५ असेल तर तबकडीच खराब होत चाललीय.

झेरॉक्स_फाटा
पिवळा रंग आला. सी७ मंधी सारे शून्य. सी५ च्या शेवटी २सी लिहेल हाय. हे २सी काय असते?

मुक्काम_हिंजवडी
तिथले आकडे हेक्समध्ये दिसतात. २सी म्हणजे ४४ सेक्टर. डिस्क चालली. तिथं पोचली की तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, तोवर विंडोज बिचारं थांबतं, तुमचा लाल लाइट तोच. आता कोणी 'चेकडिस्क मार' म्हणालं तर डेटा काढून झाल्याशिवाय अजिबात मारू नका. अख्खी डिस्क खरवडून काढतं ते, मरायला टेकलेली त्यातच जाते. एसएसडी घ्या, म्हणजे तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क. आणि हो, नवं घ्या म्हणालो होतो ते मागे घेतो, निदान आजपुरतं.

तांब्याची_तार
एक आजार सापडला. 'गच्च' मात्र डिस्कचा नाही. सोमवार ते गुरुवार येतो, शुक्रवारी सुट्टी घेतो. यंत्राला वार कळत नाहीत. ताई, सोम ते गुरु दुकानात वेगळं काय चालतं? लॅमिनेशन मशीन? मोठा प्रिंटर?

झेरॉक्स_फाटा
काहीच नाई काका. उलट शनिवारी गिऱ्हाईक जास्त.

कास्तकार_वरुड
मले कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाई, मी या धाग्यावर संत्र्याचा भाव पाहाले येतो. पण ताई, तुमच्या फीडरची थ्री-फेज, म्हणजे मोटारीची लाइन, सोम ते गुरु दिवसा अन् शुक्र ते रवि रात्री अशी हाय का?

झेरॉक्स_फाटा
...हो. सकाळी दहाले येते.

कास्तकार_वरुड
मंग झालं ना. सध्या सारे हरभरा-गव्हाले पाणी देऊन राह्यले. दहाले लाइन आली की दहा मोटारी एकदम उठतात. आमच्याकडं त तवा ट्यूबलाइट पेटत नाई, मिक्सर रडते. तुमचं दुकान गावठाणाच्या लाइनवर हाय का शेतातल्या डीपीवर, ट्रान्सफॉर्मरवर?

झेरॉक्स_फाटा
शेतातल्या डीपीवर. फाट्यावर गावठाणाची लाइन पोचतच नाई.

अन् आता डोक्यात उजेड पडला. गुरुवारी कंटाळून मी मशीन तालुक्याले नेवो. थो फॉरमॅट मारून शुक्रवारी दे. शुक्र, शनि, रवि मशीन चांगला. मले वाटे फॉरमॅटनं बरा झाला! १६०० रुपये गेले माये.

तांब्याची_तार
वरुडच्या भाऊंना माझा नमस्कार. मी चाळीस वर्षं सोल्डरिंग केलं आणि डीपी विसरलो.

आता मोजमाप. मल्टिमीटरवाला कोणी आहे का जवळ? दोन ठिकाणी मोजायचं. भिंतीच्या प्लगवर, सकाळी आठला आणि मोटारी चालू असताना. मग मशीन चालू ठेवून आतल्या चार पिनच्या मोठ्या कनेक्टरमध्ये पिवळी आणि काळी वायर. तिथे १२ व्होल्ट पाहिजेत. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ च्या खाली जाता कामा नये. एसएमपीएसचा, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा मात्र उघडायचा नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठा असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. हिरवी-काळी वायर जोडून 'पंखा फिरला, एसएमपीएस चांगला' असं कोणी दाखवेल, त्याकडे दुर्लक्ष कर. पंखा फिरायला काय लागतं!

आणि यूपीएस आहे ना?

झेरॉक्स_फाटा
हाय. बॅटरी तीन वर्षं झाली मरून. त्याच्यावर गणपती ठेवला हाय.

माझे दीर वायरमन आहेत, ते मीटर घेऊन आले. प्लगवर सकाळी २३१. साडेअकराले १६९. पिवळ्या-काळ्यावर सकाळी ११.८, मोटारी चालू असताना ११.१. आम्ही पाहत होतो तवाच स्क्रीन गच्च झाली. दीर म्हणे, "वहिनी, पकडला चोर."

अजून एक. कॅबिनेटले हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर लावलं त पेटते. हे नेहमीचंच हाय म्हणून सांगितलं नव्हतं.

तांब्याची_तार
हेच आधी सांगायचं होतं बाई! तुझ्या भिंतीवरच्या बोर्डाला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, त्यांचा मधला सांधा कॅबिनेटला जोडलेला. अर्थिंग असेल तर गळती जमिनीत जाते, नसेल तर कॅबिनेटवर लाइनच्या अर्ध्याएवढा व्होल्टेज तरंगतो. करंट किरकोळ, पण यूएसबीला लावलेल्या वस्तूंना तो मानवत नाही आणि ओल्या हाताला तर नाहीच. दिराला सांग, दुकानामागे खड्डा घेऊन नीट अर्थिंग करून दे. कोळसा-मीठ त्याला माहीत असेल.

आता उजेडात बोर्डाचा फोटो टाक. प्रोसेसरच्या बाजूला छोट्या डब्यांची रांग असते, त्यांची टोपणं दिसली पाहिजेत.

झेरॉक्स_फाटा
टाकला. पाच डबे हायत. तिघायची टोपणं फुगलेली, एकाच्या टोपणावरच्या फुलीतून तपकिरी काहीतरी येऊन वाळलं हाय, गुळाच्या पाकासारखं.

तांब्याची_तार
बस. चांगल्या कपॅसिटरचं टोपण सपाट असतं, बोट फिरवलं तरी कळतं. एसएमपीएस १२ व्होल्ट देतो, बोर्ड त्याचे प्रोसेसरसाठी एक-सव्वा व्होल्ट करतो, आणि ते पाणी संथ ठेवायचं काम या डब्यांचं. आतला द्रव वाळला की पाणी हिंदकळतं. लाइन २३० असते तोवर कसंबसं निभतं. धडधाकट एसएमपीएस १७० पर्यंत पडलेली लाइनही थोडीफार सांभाळून घेतो, तुझा म्हातारा झालाय. वरून १२ चे ११ आले आणि खाली डबे कोरडे. प्रोसेसरने एक आकडा चुकीचा वाचला की तो तिथेच उभा. उन्हाळाभर ती कापसाची गादी पांघरून राहिल्यावर डबे कोरडे होणारच.

टीव्ही दुरुस्त करणारा कोणीही हे बदलेल. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीवाले, लो-ईएसआर म्हणजे आतला रोध कमी असलेले. तिघे फुगलेत म्हणून तीन नको, पाचही बदल. काढताना कोणत्या बाजूला पट्टा होता ते लिहून घ्यायला सांग. बोर्डावर छापलेली पांढरी बाजू बहुधा वजाची असते, पण काही बोर्डांवर उलट असते. उलटा बसला तर फटाका.

पेंग्विनप्रेमी
अंगठ्याच्या मशीनचं बघितलं. तुम्ही विंडोजवरच राहा ताई.

संत्रानगरी
एसएमपीएस बर्डीतून मी बघून देतो, वजनदार घ्या, हलका डबा घेऊ नका. एसएसडीचं एक सांगतो. जी४१ बरोबर बोर्डावर सहसा आयसीएच७ ही डिस्क सांभाळणारी चिप असते, तिचं साटा जुनं, सेकंदाला तीनशे एमबीच्या आतच अडकते. त्यामुळे महागातली घेऊन उपयोग नाही, साधी २४० ची घ्या. तुमच्या डिस्कच्या मानाने तीही विमान वाटेल.

झेरॉक्स_फाटा
सोळा दिवसांनी लिहून राह्यली, कापूस वेचणीत होती.

यवतमाळच्या एका टीव्ही मेकॅनिकनं पाचही कपॅसिटर बदलले, ३५० घेतले. त्यानं जुने डबे पुडीत बांधून देले, म्हणे हिशोब पाहिजे. एसएमपीएस ९५०, एसएसडी १८५०, यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी ९००. गणपती आता भिंतीवर. लाइन १७० वर गेली की यूपीएस टक करते अन् वर ओढून घेते, मोटारी उठल्या हे मले आता आवाजानंच कळते. पिवळ्या-काळ्यावर दिवसा १२.०५. अर्थिंग दिरानं केली, टेस्टर आता मुकाट.

वही चालू ठेवली. सोळा दिवसांत गच्च शून्य, दम शून्य. थे आजोबा आले होते, त्यायचा अर्ज ओटीपीसकट गेला. म्हणे, "उठला का मंग?"

मुक्काम_हिंजवडी
अभिनंदन ताई! आता ऑफिसात कोणी 'अधूनमधून हँग होतं' म्हणालं की मी आधी वार विचारतो. जुनी हार्ड डिस्क भंगारात देऊ नका हं. त्यात लोकांचे आधार, बँक पासबुकं, सगळ्यांचे स्कॅन असतील. डिलीट केलं तरी ते निघतं.

झेरॉक्स_फाटा
तेवढी अक्कल हाय दादा. दिरानं खोलली. आतून आरशासारखी एक तबकडी निघाली. दोन्हीकडून खिळ्यानं कराकरा ओरखडे काढले, दोन भोकं पाडली, अन् सुतळीनं ज्वारीत टांगली, पाखरं हाकलाले.

कास्तकार_वरुड
पळतात का?

झेरॉक्स_फाटा
दोन दिवस पळाले. आता मिठू तिच्यावरच बसून तोंड पाह्यतात.